पूल आला, लामदुआन

मी पंचशील पाळणारी बाई आहे. खोटं बोलायचं नाही, हे त्यातलं चौथं शील. ते धरूनच हे लिहिते आहे. या गोष्टीतून मला काही मिळवायचं नाही. जे माझ्या हातून गेलं ते परत येणार नाही, हेही मला कळतं.

तुम्हाला वाटेल, भुताची गोष्ट म्हणजे अमावास्या, काळोख, कुत्र्यांचं रडणं.

यात तसलं काही नाही.

हे भर उन्हात घडलं. भरल्या डब्यात.

१२ एप्रिल १९९६. बँकॉकहून उबोनला जाणारी सकाळची गाडी. तिसरा वर्ग, शेवटून दुसरा डबा. दुसऱ्या दिवशी सोंगक्रान, नव्या वर्षाचा सण. अख्खं बँकॉक गाठोडी बांधून आपापल्या गावाला निघालं होतं. बाकांखाली माणसं, संडासाच्या दाराशी माणसं, सामानाच्या फळीवर एक पोर झोपलेलं.

माझं नाव चानपेन. तेव्हा मी एकतीस वर्षांची होते, बँकॉकात शिवणकाम करायचे. बरोबर माझा धाकटा भाऊ सुतिन. तेवीस वर्षांचा. खुर्च्यांना पॉलिश करायच्या कामावर होता, त्यामुळे त्याच्या नखांत कायम तपकिरी रंग असायचा. आम्हाला बाप नव्हता. गावाला आई एकटी. तिचा सगळा जीव सुतिनमध्ये.

आमची बाकं समोरासमोरची. माझ्या समोर खिडकीची जागा रिकामी होती.

एवढ्या गर्दीत... रिकामी.

तिच्या शेजारी पन्नाशीची एक बाई बसली होती. काळे कपडे, मांडीवर पांढऱ्या कापडाचं गाठोडं. रिकाम्या जागेवर केळीच्या पानाचा तुकडा, त्यावर एक उकडलेलं अंडं आणि चिकट भाताचा गोळा.

एका जाड्या माणसाने विचारलं, "मावशी, ही जागा?"

"बसलंय तिथे."

"कोण बसलंय? मला तर अंडं दिसतंय."

आजूबाजूची माणसं हसली. बाई हसली नाही. तिने दोन तिकिटं काढून दाखवली.

"तिकिटाला कशाला बसायला लागतं, मावशी," म्हणत त्याने पान उचलून तिच्या मांडीवर ठेवलं आणि बसला.

दोन मिनिटं गेली असतील.

तो उठला.

कुणाकडे बघितलं नाही. पुढचे सात-आठ तास तो माणूस त्या जागेकडे पाठ करून उभा होता.

सुतिन माझ्या कानाशी म्हणाला, "ताई, त्याला बाक चावलं बघ."

बाईने पान पुन्हा जागेवर ठेवलं.

थोड्या वेळाने सुतिनने आपली जागा एका म्हाताऱ्याला दिली आणि दाराशी वारा खायला गेला.

तो दाराशी गेला नसता तर... पण असो.

साडेआठच्या सुमाराला पासाक नदीचा पूल आला. गाडी पुलावर चढली तशी ती बाई रिकाम्या जागेकडे झुकली. खडखडाटात तिचे सगळे शब्द ऐकू आले नाहीत. आधी एक नाव घेतलं, ते गेलंच. मग एवढं ऐकू आलं...

"पूल आला गं बाळा. मागे राहू नकोस. चल."

माझे हात आपोआप जोडले गेले.

आमच्याकडच्या कुणालाही हे सांगावं लागत नाही. माणूस घरापासून लांब मेलं, की त्याचा जीव तिथेच घुटमळतो. घरच्याने जायचं, उदबत्ती लावायची, चल म्हणायचं आणि घेऊन यायचं. वाटेत जीव पाण्याला बिचकतो. म्हणून प्रत्येक पुलावर नाव घेऊन सांगावं लागतं. जो नाव घेऊन पाणी ओलांडवतो, त्याच्या मागे जीव येतो.

"कोण, मावशी?" मी विचारलं.

"मुलगी." ती खिडकीबाहेर बघत म्हणाली. "हे तिकीट तिनेच काढलेलं. मला पत्र पाठवलं होतं, आई, खिडकी मिळाली. आठ तारखेला रस्ता ओलांडताना..."

तिने पानावरचा भात नीट केला.

मावशीचं नाव बुआलाय. गाव सिसाकेतजवळ. मुलगी बँकॉकात कुणाच्या घरी कामाला होती. अंत्यविधी तिथेच उरकला होता आणि आता ती जिवाला घरी नेत होती. मी सगळं विचारलं. गाव विचारलं, वय विचारलं.

मुलीचं नाव विचारलं नाही.

पाकचोंग स्टेशनवर पोरं बादल्या घेऊन तयारच होती. सणाचं पाणी. गाडी थांबायच्या आत पहिली बादली खिडकीतून आत आली. मी भिजले, म्हातारा भिजला, बुआलाय मावशी भिजली. सगळे हसत होते, शिव्या देत होते, तोंडं पुसत होते.

मी सहज समोर पाहिलं.

लाकडी बाकावर पाणी साचलं होतं. कडेने, मागच्या पाटीवर, सगळीकडे...

मधली जागा कोरडी होती.

माणूस उठून गेल्यावर राहते, तेवढीच. तशीच गोल.

मावशीने खांद्यावरचा पंचा पुढे करून त्या कोरड्या जागेच्या कडेकडेने पाणी टिपून घेतलं. म्हणाली, "सर्दी लवकर होते तिला."

तेवढ्यात सुतिन आला. डोकं ओलं, गालाला पांढरी पावडर फासलेली, हातात सरबताची पिशवी, तिच्यात दोन नळ्या. चेहरा असा, की मला बघूनच कळलं.

"कोण आहे?" मी म्हटलं.

"कोण असणार? कुणी नाही."

"दोन नळ्यांनी एकटाच पितोस?"

तो लाजला. तेवीस वर्षांचा घोडा, पण लाजला. "दाराशी उभी आहे. सिसाकेतला उतरणार. ताई, काय बोलते माहितीये? मी म्हटलं, तुमच्या गावात सगळ्याच मुली इतक्या गोड असतात का. तर म्हणते, नाही, बाकीच्या तिखट आहेत, म्हणून तर तुम्हाला माझ्याकडे पाठवलं."

"सात तासांत सिसाकेत येईल. मग बस रडत."

"येऊ दे की. सणाचे तीन दिवस आहेत. सायकलवर जाईन."

"सायकलवर? साठ किलोमीटर?"

"तू भंतेंचं प्रवचन ऐकायला चालत जातेस, ते चालतं."

"नाव काय तिचं?"

"सांगत नाही ना. म्हणते, नाव सांगितलं की तुम्हाला हाक मारावी लागेल."

मी हसले. डब्यात सिसाकेतच्या शंभर पोरी असतील, असंच मनात आलं. खरंच. मी त्या दोन गोष्टी एकमेकींशेजारी ठेवून पाहिल्याच नाहीत.

जाताना त्याने पिशवी माझ्याकडे दिली. सरबत निम्मं संपलं होतं. एका नळीचं टोक त्याने चावून चपटं केलं होतं, लहानपणापासूनची सवय.

दुसरी नळी कोरडी होती. आतूनसुद्धा.

गाडी डोंगर चढत होती. ऊन वाढलं. बुआलाय मावशीची मान पुढे कलायची, मग दचकून उठायची. तीन रात्री तिचा डोळा लागला नव्हता.

आता माझं ऐका. आमच्या विहारात एक भंते होते, ते गाऊन प्रवचन सांगायचे. सूर असा लावायचे की बाजाराला निघालेली माणसं टोपल्या खाली ठेवून अंगणात बसायची. आईने हाक मारण्याचा भाग आला की त्यांचा आवाज वर चढायचा, तिथे थरथरायचा आणि असा हळूच खाली यायचा, जसं कुणी झोपलेल्या लेकराला खाली ठेवतं. त्यांच्या कॅसेटी माझ्याजवळ होत्या. माझं सगळं सुखदुःख त्या सुरांत जायचं. सुतिन चिडवायचा, ताई, हे श्वास कधी घेतात?

मला वाटलं, या बाईला ते ऐकवावं. तेवढाच आधार.

मी पिशवीतून टेपरेकॉर्डर काढला, आवाज बारीक ठेवला. मावशी ऐकू लागली. रडली. मग तिचं रडणंही शांत झालं.

"पोरी," ती म्हणाली, "पूल आला की उठवशील ना मला?"

"उठवते, मावशी."

"मून नदी मोठी आहे. तिथे बिचकेल ती."

"उठवते म्हटलं ना. पडा तुम्ही."

ती झोपली. मागच्या पाटीला डोकं टेकून, तोंड उघडं टाकून, अगदी मेल्यासारखी झोपली.

कोराट मागे पडलं. दुपारचा एक वाजून गेला होता. लांबून नदीचा पट्टा दिसू लागला.

मी मावशीला उठवायला हात उचलला.

आणि ठेवला.

तीन रात्रींनी झोपलेली बाई. भंतेंचा सूर चालू. मला वाटलं, कशाला उठवायचं? दोन शब्दच तर सांगायचेत. मीच सांगते, मलाही पुण्य लागेल.

गाडी पुलावर चढली. मी रिकाम्या जागेकडे वाकले आणि म्हणाले, "बाळा, पूल आला. चल."

नाव मला ठाऊकच नव्हतं.

त्याच वेळी दाराकडून सुतिनचा आवाज आला. पुलाच्या आवाजावर चढवून, मजेत, कुणाला तरी काहीतरी सांगत होता. शब्द कळले नाहीत. फक्त शेवटचं "चल" ऐकू आलं.

माझं आणि त्याचं. एकाच वेळी.

पूल संपला.

टेप थांबली होती. बटण वर आलेलं. कॅसेट तर अजून अर्धी होती...

बुआलाय मावशी सुरिनला जागी झाली, तीही पाण्याने. तिथल्या पोरांनी एकदम दोन बादल्या मारल्या.

ती डोळे पुसत म्हणाली, "कुठवर आलो?"

"सुरिन, मावशी."

"सुरिन? आणि मून नदी?"

"गेली. तुम्ही इतक्या छान झोपला होतात. मी सांगितलं तिला. काळजी करू नका."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग सावकाश मान वळवून तिने शेजारची जागा पाहिली.

बाक ओलं होतं.

सगळं. या कडेपासून त्या कडेपर्यंत. अंडं पाण्यात घरंगळत होतं.

तिने तळहात मधोमध ठेवला आणि उचलला. हातातून पाणी ठिबकलं.

"नाव काय घेतलंस?" तिने विचारलं.

"नाव... तुम्ही सांगितलं नव्हतं."

"लामदुआन," ती म्हणाली. "लामदुआन गं ती."

"तुम्हाला तिचं नाव कसं माहीत?" मागून आवाज आला.

सुतिन माझ्यामागे उभा होता. केसांतून पाणी गळत होतं आणि तो हसत होता. "मावशी, तुम्ही तिच्या आई? अहो, मग आधी नाही का सांगायचं? ती दाराशीच आहे की. म्हणाली, आई झोपलीय आणि मला पुलाची भीती वाटते, नाव घेऊन सांगा. मी सांगितलं. लामदुआन, पूल आला, माझ्या मागे चल."



बुआलाय मावशी उठली. माणसं तुडवत दाराशी गेली. मी मागे.

दारात कुणी नव्हतं. तापलेला वारा आणि धावणारी शेतं.

"ही काय," सुतिन म्हणाला. "आईकडे बघ ना. का मान खाली घातलीस?"

मी त्याला बाजूला ओढलं, त्याचा दंड घट्ट धरला आणि सांगितलं. आठ तारीख, रस्ता, उदबत्ती, पासाकचा पूल, सगळं.

तो आधी हसला. "ताई, काहीतरीच काय. तिच्या केसांना पावडरचा वास येतोय."

"हात लावलास तिला?"

त्याने आपल्या तळहाताकडे पाहिलं.

"सुतिन, एवढ्या वेळात तिचा हात तरी लागला का तुला?"

"चांगल्या घरची मुलगी आहे," तो म्हणाला. पण आवाज बदलला होता.

त्याने तिच्याकडे पाहिलं. म्हणजे जिथे मला कुणी दिसत नव्हतं तिथे पाहिलं. बराच वेळ. त्याला कळलं, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं आहे. नंतर कुणी म्हणालं की त्या बिचाऱ्याला काय माहीत, तर मी गप्प बसते. त्याला माहीत होतं.

सुरिन ते सिसाकेत दोन तास. मावशी दाराशी उभी राहून लेकीशी बोलत होती. रागावली नाही की ओरडली नाही. घरी काय काय ठेवलंय ते सांगत होती. मांजरीला पिल्लं झाली आहेत, तुझी चटई वाळत घातली आहे, तुझ्या आवडीचं मासळीचं लोणचं काढून ठेवलंय.

सुतिन मान हलवायचा. "ऐकत नाहीये, मावशी. माझ्याकडेच बघतेय."

सिसाकेत आलं तेव्हा सूर्य मावळायला टेकला होता. गाडी चार मिनिटं थांबते. मावशी गाठोडं घेऊन खाली उतरली आणि फलाटावरून हात पुढे केले.

"उतर बाळा. घर आलं."

वाट पाहिली.

मग तिने सुतिनपुढे हात जोडले. माझ्या भावापुढे, तिच्या मुलाच्या वयाच्या पोरापुढे. "भाऊ, तुम्ही सांगा तिला. पाण्यावरून तुम्ही आणलंत. आता ती तुमचंच ऐकेल. एकदा म्हणा, उतर."

"सांग," मी म्हटलं. "सुतिन, सांग ना रे."

त्याने तोंड उघडलं.

शिट्टी झाली.

"ताई," तो अगदी हळू म्हणाला, "ती रडतेय गं."

आणि गाडी हलली. तो बोलला नाही. बुआलाय मावशी दाराला धरून दहा-बारा पावलं चालली, मग तिचा हात सुटला.

सणाचे तीन दिवस माझा भाऊ इतका सुखात होता की त्याला बघवत नव्हतं. जेवताना शेजारी एक ताट वाढायला लावायचा. ओट्यावर बसून हळू आवाजात बोलायचा, हसायचा. सोंगक्रानच्या सकाळी त्याने आईच्या हातांवर सुगंधी पाणी घातलं, पाया पडला, मग भांडं शेजारी दिलं.

भांडं खाली पडलं.

"हात ओले आहेत तिचे," तो म्हणाला. "निसटलं."

आईने माझ्याकडे पाहिलं. मी तिला काही सांगितलं नव्हतं. मला सांगवलं नाही.

तो परत कामावर गेलाच नाही. मीही गावीच थांबले. ताप नाही, खोकला नाही, पण दर महिन्याला तो कमी होत गेला. त्याचे कपडे शिवून आत घ्यायला मी होते. मे महिन्यात कंबर दोन बोटं आत घेतली. जुलैत पुन्हा चार.

बुआलाय मावशी तीनदा आली. अंगणात उभी राहून हाका मारायची आणि एकटीच परत जायची. पहिल्यांदा आली तेव्हा मी तिच्या पायांवर डोकं ठेवलं. ती म्हणाली, "तू वाईट केलं नाहीस गं. मी झोपायला नको होतं." मला तिने मारलं असतं तर बरं झालं असतं.

आमच्या भंतेंना बोलावलं. तेच, गाऊन सांगणारे. त्यांनी सूत्रं म्हटली, धागा बांधला, पाणी शिंपडलं. शेवटी मला बाहेर बोलावून म्हणाले, "ज्याच्या हाकेने आली त्याच्याच हाकेने जाईल. त्याने स्वतः तिला नाव घेऊन आईच्या दारी पोचवावं. माझ्याजवळ दुसरं काही नाही, उपासिके."

सुतिन म्हणायचा, पुढच्या आठवड्यात जाऊ. मग म्हणायचा, पाऊस थांबू दे.

ऑक्टोबरात तो 'नाही' म्हणण्याच्याही अवस्थेत राहिला नाही. शेजाऱ्यांनी उचलून आम्हाला गाडीत बसवलं. मी त्याला खिडकीशी टेकवलं. मावशीला निरोप गेला होता, ती फलाटावर येणार होती. तासा-दीड तासाचा प्रवास. वाटेत एकच पूल, तोही लहानसा, हुआय खायुंगच्या ओढ्याचा. मला वाटत होतं, एवढं एक पाणी. एवढं एक पाणी त्याने तिला नाव घेऊन ओलांडवलं आणि तिकडे "उतर" म्हटलं, की माझा भाऊ माझा.

सकाळचे दहा वाजले होते. लख्ख ऊन. ओढ्याकाठचे बांबू दिसले तशी मी त्याला हलवलं.

"सुतिन, पूल येतोय. सांग तिला. नाव घे."

त्याने डोळे उघडले. किती महिन्यांनी तो माझ्याकडे नीट बघत होता. चेहरा शांत, जरा गंमत वाटल्यासारखा.

"मी कशाला सांगू?" तो म्हणाला. "पूल आला की आता तीच मला सांगते."

चाकांचा आवाज बदलला. गाडी पुलावर आली.

"आत्ताच सांगतेय, ताई..."

आणि त्याने मान हलवली. कुणी चल म्हटल्यावर आपण "आलो" म्हणून हलवतो, तशी.

पूल संपला तेव्हा त्याचा हात माझ्या हातात होता. मी हाका मारल्या. नाव घेऊन मारल्या. उशीर झाला होता.

सिसाकेतला माणसांनी त्याला खाली उतरवलं. बुआलाय मावशी फलाटावर उभी होती. पण तिने त्याच्या देहाकडे पाहिलंच नाही. ती डब्याच्या दाराकडे बघत होती, जिथून आम्ही आधीच उतरलो होतो.

मग ती दोन पावलं मागे सरली. उतरणाऱ्याला आपण वाट देतो ना, तशी. थांबली. आणि पुन्हा एक पाऊल मागे सरली.

"मावशी?" मी म्हटलं.

तिचे डोळे वाहत होते. ते दुःखाने की कशाने, मला आजही सांगता येणार नाही.

"दोघं उतरली गं," ती म्हणाली.

त्याचा देह आम्ही ट्रकने गावी आणला. वाटेतल्या प्रत्येक पुलावर, प्रत्येक मोरीवर मी त्याचं नाव घेतलं. घसा फुटेपर्यंत घेतलं. तो मागे आला असं मला एकदाही वाटलं नाही. आई त्यानंतर सात महिने जगली. रोज संध्याकाळी दारात दिवा ठेवायची आणि मला विचारायची, आला का? मी पंचशील पाळणारी बाई. मी म्हणायचे, हो आई, आलाय, झोपलाय. तेवढं एक खोटं माझ्या नावावर आहे.

विहारात पाणी सोडून पुण्य अर्पण करताना मी दोघांची नावं घेते. पोचतं की नाही, ठाऊक नाही. भंतेंना विचारलं होतं. ते म्हणाले, देत राहा.

एवढ्यावर संपलं असतं तर मी हे लिहिलं नसतं.

पुढे मी बँकॉकला परतले, लग्न झालं, मुलगा झाला. दर सोंगक्रानला मी त्याच गाडीने गावी जाते. मून नदीच्या पुलावर तोंड मिटून बसते. मनातसुद्धा काही म्हणत नाही.

गेल्या एप्रिलमध्ये... दुपारचा एक. डबा माणसांनी भरलेला, पोरंटोरं, कोंबडी विकणाऱ्या बायका. नदी अजून दिसायची होती.

दाराकडून आवाज आला.

"चानपेनताई... पूल आला. माझ्या मागे चल."

हसू दाबून बोलायची ती लकब. तेवीस वर्षांचा आवाज.

जिवंतपणी तो मला नुसतं 'ताई' म्हणायचा. नाव घेऊन कधीही नाही.

कुणीतरी माझा दंड पकडला. एक अनोळखी मुलगी होती. "आजी, कुठे निघालात? गाडी चालू आहे."

तेव्हा मला कळलं की मी उभी आहे. नुसती उभी नाही... दाराच्या उंबऱ्याशी होते. माझी जागा पार मागे राहिली होती.

मी त्याला ओ दिली नाही. निदान मला तसं वाटतं. त्या मुलीला विचारायला हवं होतं, मी काही बोलले का. तिला विचारायचं राहून गेलं.

यंदा माझा मुलगा म्हणतो, आई, गाडीने जाऊ नकोस, बसने जा.

बसलाही तीच नदी ओलांडावी लागते.